टॉवेलाखालचं चौथं बोट

सर्जेराव चौगल्यांच्या खांद्यावरच्या पिवळ्या टॉवेलाला तीन कामं होती. घाम पुसायचा, काहिलीची, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईची, तापलेली कड धरायची, आणि वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, त्याच्या आडोशाने पगार ठरवायचा.

त्या दिवशी गुऱ्हाळाचे मालक भाऊसाहेब पाटील आणि सर्जेराव आंब्याखालच्या बाकावर शेजारी बसत. टॉवेल दोघांच्या हातांवर पडे. तोंडाने गप्पा चालत उसाच्या, पाहुण्यांच्या, भोगावतीच्या पाण्याच्या, आणि खाली बोटं बोलत. एक बोट म्हणजे महिन्याचे दहा हजार. मालक दोन बोटं दाबी, सर्जेराव हात आखडून घेई, मालक तिसरं धरी. टॉवेल उचलला की सौदा पक्का. किती ठरलं ते दोघांनाच ठाऊक. ही बैलबाजारातली रीत. बैल गेले, ट्रॅक्टर आले, आता तर ट्रॅक्टर ड्रायव्हरशिवाय ऊस ओढायला लागले होते, पण गुळव्याचा पगार अजून टॉवेलाखालीच होता.

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा राजा. रस कधी उकळला, मळी कधी काढायची, रस निवळायला भेंडीचं पाणी कधी घालायचं, आणि काहील नेमकी कोणत्या क्षणी उतरवायची हे तो ठरवतो. दोन मिनिटं अलीकडे उतरवली तर गूळ मऊ पडतो, दोन मिनिटं पलीकडे गेली तर करपून लाल होतो. सर्जेरावांचा गूळ केशरासारखा पिवळा निघे, आणि ते चारचौघांत तसं सांगतही.

"पंजा घेतो मी, पंजा," एसटी स्टँडवरच्या चहाच्या दुकानात ते पाच बोटं पसरून म्हणत. "पन्नास हजार. नदीकाठाला एवढा दर कुणाला हाय, दाखवा."

समोरच्या बाकावर शेजारगावचा गुळव्या धोंडिराम खोत असे. तो बशीतला चहा फुंकत म्हणे, "असंल बाबा. आमचं मालक मला पंचावन्न देतंय, पर मी कवा बोलतो का?"

खरं म्हणजे सर्जेरावांना चार बोटं मिळत. हे त्यांच्या बायकोला, आक्काताईंना, पक्कं माहीत होतं, कारण घर त्याच चार बोटांत चाले. नवरा बाहेर पंजा दाखवी तेव्हा त्या शेजारणीकडे बघून नुसत्या हसत. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही त्याला उघडं पाडलं नव्हतं.

पण त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. ते चौथं बोट त्यांचं स्वतःचं होतं.

बावीस वर्षांपूर्वी चुलवाणावर जाळ घालणारा माणूस अचानक सोडून गेला, आणि चार दिवसांपुरत्या म्हणून आक्काताई चिपाडं सारायला बसल्या. त्या दसऱ्याला भाऊसाहेबांनी टॉवेलाखाली तीन बोटं धरली, मग चौथ्याला हात लावून हळूच म्हणाले, "आणि हे चुलवाणाचं." सर्जेराव घरी आले आणि सांगितलं, "मालकानं चार दिलं." आक्काताईंना एवढा आनंद झाला की त्यांनी तुपातला सांजा केला. ताटात सांजा बघितल्यावर सर्जेरावांच्या तोंडून पुढचं वाक्य निघेना. उद्या सांगू म्हणाले. तो उद्या काही आला नाही. तेव्हा बोट दोन हजारांचं होतं, आता दहाचं झालं, पण बोटं चारच राहिली. आक्काताई मात्र नवऱ्याच्या कामाला हातभार म्हणून बावीस हंगाम आगीपुढे बसल्या.

या वर्षी भाऊसाहेब थकून सोप्यात आरामखुर्चीवर जाऊन बसले आणि कारभार लेकीकडे आला. प्रणोती शहरात शिकून परत आलेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती बाकावर येऊन बसली, तसा सर्जेरावांनी सवयीने टॉवेल टाकला.

"काका, हे काय?"

"ठरवायचं न्हवं?"

"ठरवू की. पण मला बोटांतलं काही कळत नाही. बाबांनी शिकवलंच नाही. तोंडानं सांगा."

पगार तोंडानं सांगायची सर्जेरावांच्या जिभेला सवय नव्हती. ते आंब्याकडे बघत बसले.

प्रणोती म्हणाली, "दिवाळीनंतर मी दुसरी काहील घालतेय. एक गुळव्या लागेल, एक जाळ घालणारं माणूस लागेल. जाहिरात द्यायची तर आता पगार छापावा लागतो. दोन आकडे. नव्या माणसाला काय देणार, आणि तेच काम आज जो करतोय त्याला काय देतो."

"म्हंजे माझा आकडा बी?"

"तुमचा आणि काकूंचा."

"तिचा कसला आलाय आकडा?"

"जाळ त्याच घालतात ना? मग त्यांना किती देतो आपण?"

सर्जेराव टॉवेलाची घडी घालू लागले. एरवी दहा वेळा हाक मारली तरी ऐकू न येणारे भाऊसाहेब सोप्यातून म्हणाले, "एक बोट. चौथं. सर्ज्याच्या हातात द्यायचो मी."

प्रणोतीने सर्जेरावांकडे बघितलं. "काकूंना माहीत आहे ना हे?"

"हाय की," सर्जेराव म्हणाले, आणि त्यांना उन्हात नसताना घाम आला.

हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात तोल करणारी बाई आली. निकहत मुल्लाणी. वयाने सर्जेरावांच्या लेकीएवढी, स्कूटरवर मागे पेटारा बांधलेला. याच वर्षी नवा कायदा आला होता: पगाराचा आकडा मालकाने मनाने टाकायचा नाही. आधी कामाचा तोल करायचा आणि त्यावरून दर ठरवायचा.

"म्हंजे मला काट्यावर बसवणार?" सर्जेरावांनी विचारलं.

"तुम्हाला नाही काका, तुमच्या कामाला." निकहत पेटारा उघडत म्हणाली. "चार माणसांनी मिळून ओंडका उचललाय. कोण किती जोर लावतंय ते बघून कळत नाही. जो मोठ्यानं 'हैशा' करतो तोच उचलतोय असं वाटतं. मग काय करायचं? एकाला बाजूला घ्यायचं आणि ओंडका किती खाली येतो ते बघायचं. त्याला परत लावायचं, दुसऱ्याला काढायचं. अशा सगळ्या जोड्या करून बघितल्या की कोणाच्या असण्यानं किती फरक पडतो ते निघतं. इथं ओंडका म्हणजे गुळाचा भाव."

तिने काहिलीवर एक काचेचा डोळा टांगला. तो रसाचा रंग आणि उष्णता क्षणाक्षणाला टिपणार होता. सर्जेरावांच्या आणि आक्काताईंच्या मनगटांवर एकेक आणि गळ्याशी एकेक रबरी पट्टा बांधला. हात हलायच्या आधी मेंदूकडून स्नायूला विजेचा बारीक इशारा येतो. पट्टा तो इशारा वाचतो, म्हणजे हात कधी हलला हेच नाही, तर हलवायचं कधी ठरलं हेही कळतं. पेटाऱ्यातून शेवटी एक लोखंडी हात निघाला. ज्याला बाजूला बसवायचं त्याच्या जागी हा हात साधारण माणसाइतपत काम करणार होता, ना हुशार ना आळशी.

त्या तीन दिवसांत सर्जेरावांनी जेवढं काम केलं तेवढं आयुष्यात केलं नसेल. काहिलीभोवती फेऱ्या मारल्या, लांब दांड्याचा झारा डोक्यावरून फिरवला, आणि एकेक हाक अशी दिली की पलीकडच्या वस्तीतली कुत्री भुंकली.

निकहत पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "काका, आवाजाचा तोल होत नाही."

चुलवाणापुढे बसलेल्या आक्काताई पदरात हसल्या.

एकूण बारा आदणं, म्हणजे रसाच्या बारा भरल्या काहिली, तोलायची होती. आठ आदणं दोघांनी मिळून काढली. मग आक्काताईंना दोन आदणं बाजूला बसवलं आणि लोखंडी हात चिपाडं सारू लागला. सर्जेरावांनी पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत गोळी वळवली, आणि आग मागे घेऊन कमी करायला "जाळ ओढ" म्हणून हाक दिली. लोखंडी हाताने जाळ ओढला. तरी पहिलं आदण करपलं. दुसरं त्याच्याहून लाल निघालं, चहाच्या किटलीच्या बुडासारखं. मग सर्जेराव बाजूला बसले. जाळ आणि काहील दोन्ही आक्काताईंकडे, आणि झारा फिरवायला तेवढा लोखंडी हात. गूळ जरासा मऊ पडला, पण पिवळा निघाला.

आक्काताई हात धुवायला नळावर गेल्या तेव्हा निकहत सर्जेरावांजवळ येऊन बसली.

"काका, एक सांगू? तुम्ही 'ओढ' म्हणता त्याच्या आधीच काकूंच्या हाताला इशारा गेलेला असतो. आठातल्या सात आदणांना. त्यांची जाळ सारायची सळई चुलवाणात फिरते, तिचा आवाज होतो, आणि त्या आवाजाला तुमच्या मानेचा स्नायू हलतो. मग तुम्ही काहिलीत वाकून बघता, आणि मग हाक देता."

सळईचा तो खर्रर्र आवाज त्यांच्या कानात बावीस वर्षं होता. तो ऐकू येतो हे त्यांना माहीत होतं. तो आपण ऐकतो हे माहीत नव्हतं.

"हे छापणार का?"

"नाही. एसटी स्टँडच्या बोर्डावर फक्त दर येतो. पण दर यातनंच निघतो. आणि असं तोंड पाडू नका, भेंडीचं पाणी आणि मळी यात तुमच्या जवळपास कुणी नाही. सोमवारी सकाळी बोर्ड लागेल."

सोमवारला तीन दिवस होते. शुक्रवारी सर्जेरावांनी ठरवलं, आज सांगायचं. आक्काताईंनी भरल्या वांग्याची भाजी केली होती, म्हणून राहिलं. शनिवारी लेकीचा फोन आला, म्हणून राहिलं. रविवारी दुपारी आक्काताई जोत्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. सर्जेराव शेजारी जाऊन बसले, खांद्यावरचा टॉवेल काढला, आणि दोघांच्या हातांवर टाकला.

"आता माझ्यासंगं कसला सौदा?" आक्काताई हसल्या.

सर्जेरावांनी टॉवेलाखाली त्यांचा हात धरला आणि आपल्या बोटांवर ठेवला. पहिलं, दुसरं, तिसरं. "ही माझी." मग त्यांचा हात चौथ्या बोटावर आणला. "आन हे तुझं."

"म्हंजे?"

"मालक चुलवाणाचं म्हणून देत व्हतं. उद्या बोर्डावर येणार हाय. त्याच्या आधी मी सांगावं म्हटलं."

"कवापास्नं?"

"पयल्या वर्षापास्नं. तू सांजा केलावतास त्या दिवसापास्नं."

आक्काताईंनी ते बोट सोडलं नाही. हळूहळू मुठीत आवळलं, इतकं की सर्जेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी हात ओढून घेतला नाही.

"आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आठवतंय?" आक्काताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तुमच्याकडं पैसं मागायचं व्हतं. दोन दिवस माझ्या तोंडातनं शब्द फुटंना. तुम्ही दिलं, आन वर म्हणालासा, 'तुझ्या आईला न्हाई म्हणीन व्हय?' आठ दिवस मी तुमचं गुण गात हिंडत व्हतो." त्यांनी बोट सोडलं. "माझंच व्हतं की ते."

सर्जेराव जोत्यावर सांडलेली टरफलं गोळा करू लागले.

"तुम्ही गावात पंजा दाखवत व्हता. तवा एकदा तरी तोंड उघडलं का मी? तुमची लाज ती माझी लाज म्हटलं." त्या उठल्या आणि शेंगांची टोपली घेऊन आत गेल्या.

त्या दिवशी घरात चहा झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भाकरी होती, कालवण होतं, आंघोळीला पाणी होतं. चहा तेवढा बंद.

सोमवारी सकाळी सर्जेराव तोंडाला टॉवेल गुंडाळून एसटी स्टँडवर गेले. फलाटाच्या भिंतीवर बोर्ड उजळला होता, आणि तालुक्यातल्या सगळ्या गुऱ्हाळांच्या जाहिराती एकाखाली एक सरकत होत्या. पाटलांच्या नावापुढे लिहिलं होतं: गुळव्या, देणार शेहेचाळीस हजार, सध्या देतात तीस. जाळ घालणे, देणार अडतीस हजार, सध्या देतात दहा.

चहाच्या दुकानात एकही गुळव्या नव्हता. असं आजवर कधी झालं नव्हतं. सर्जेराव दुकानाच्या मागच्या बाजूने निघाले, तर तिथे अजून एक माणूस तोंडाला टॉवेल बांधून उभा. दोघांनी एकमेकांच्या चपला ओळखल्या.

"धोंडिराम?"

"हळू बोल की लेका."

"पंचावन्न म्हणत व्हतास. बोर्डावर अठ्ठावीस हाय."

"आन तुझा पंजा? दोन बोटं कुणी चावली?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग धोंडिरामच्या टॉवेलाआडून हसू फुटलं आणि सर्जेरावांनाही आवरेना. भिंतीला धरून दोघं हसले.

"आमचं मालक म्हणायचं," धोंडिराम डोळे पुसत म्हणाला, "'तुला सगळ्यात जास्त देतोय, पर कुणाला सांगू नकोस.'"

"मला बी ह्येच."

"सगळ्यास्नी ह्येच, मर्दा. आन आपण शहाणं, वर वाढवून सांगत बसलो. तुझा पंजा ऐकून मला वाटायचं, आपुनच तेवढं कमी. मग मालकाकडं मागायचं कुठल्या तोंडानं?"

बोर्डाने एका सकाळी हे सगळं पालटलं. पुढच्या चार दिवसांत तालुक्यातले सहा गुळवे मालकांकडे गेले आणि टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून तोंडाने बोलले. मालक आधी कुरकुरले. मग हिशोबाला बसल्यावर त्यांच्याही लक्षात आलं की एका वर्षात करपलेल्या आदणांच्या पैशांत चांगल्या जाळवाल्याचा पगार निघतो. ते गणित आजवर कुणी घातलंच नव्हतं.

शनिवारी प्रणोतीने सर्जेरावांना सोप्यात बोलावलं. भाऊसाहेब आरामखुर्चीवर होते. दाराशी अर्ज घेऊन धोंडिराम उभा होता.

"काका, अकरा अर्ज आलेत. त्यात एक तुमच्या घरातला आहे."

"जाळाचा न्हवं? ते आलं ध्यानात. आता तिला अडतीस मिळायलाच पायजेत."

"जाळाचा नाही. गुळव्याचा. दुसऱ्या काहिलीवर."

सर्जेराव उंबऱ्यावर बसले.

"मशीनचा तोल चांगला आहे काकूंचा," प्रणोती म्हणाली. "पण तो दोनच आदणांचा. दुसरं असं की, इथं आजवर बाईमाणूस काहिलीवर उभं राहिलेलं नाही. लोक बोलतील. तुम्ही जुने. तुम्ही 'हो' म्हणालात तर कुणी बोलणार नाही. 'नाही' म्हणालात तर मी धोंडिरामकाकांना घेईन."

धोंडिराम खाकरला आणि ताठ झाला.

सर्जेरावांना सगळं लख्ख दिसत होतं. 'अजून कच्ची हाय' एवढं म्हटलं की पुरे. आक्काताई परत त्यांच्या चुलवाणापुढे येणार, सळई खर्रर्र करणार, त्यांचा गूळ पिवळा निघणार. आणि 'हो' म्हटलं तर उद्यापासून आपल्या काहिलीत कोणत्या रंगाचा गूळ निघेल ते देवाला ठाऊक. त्या दोन आदणांच्या लाल ढेपा अजून कोपऱ्यात पडल्या होत्या.

"मालक," ते भाऊसाहेबांकडे वळून म्हणाले, "लोकं म्हणत्यात सर्जेरावचा गूळ केशरावानी. तो माझा नव्हता. निम्मा तिचा. जाळ ती आधी ओढती, मी मागनं हाक देतो. मला बी ह्या आठवड्यात कळलं." ते प्रणोतीकडे वळले. "तिला मळी काढायचं अजून जमत न्हाई. ते मी शिकवीन. बाकी तिला ह्या नदीकाठाला तोड न्हाई. लिहा 'हो'."

मग मागच्या दारातून आवाज आला, "मळी जमत न्हाई म्हणं. मागल्या शिमग्यात तुम्हाला ताप आलावता, तवा कुणी काढली व्हती?"

आक्काताई दारात उभ्या होत्या. किती वेळ, कुणास ठाऊक.

"मग शिकवायचं बी राहिलं न्हाई," सर्जेराव म्हणाले. आक्काताईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. आठवड्यात पहिल्यांदाच.

धोंडिरामने आपला अर्ज उघडून बघितला, घडी घातली, आणि प्रणोतीला विचारलं, "जाळाला अडतीस न्हवं? मला आता अठ्ठावीस मिळत्यात. गुळव्या म्हणून. तर मग वैनीच्या चुलवाणावर मी बसतो की."

दिवाळी झाल्यावर दुसरी काहील पेटली. आक्काताईंनी नवी कासोट्याची साडी नेसून आदण चढवलं, आणि धोंडिराम खोत, ज्याने आयुष्यभर कुणाची हाक ऐकली नव्हती, आगीपुढे कान देऊन बसला. पंधरा हातांवर सर्जेरावांची काहील. त्यांच्या चुलवाणावर नवा माणूस होता, बरा होता, शिकत होता. गोळी वळवता वळवता सर्जेराव थबकले. पलीकडून आवाज आला, "धोंडीभावजी, ओढा जाळ." सर्जेरावांनी आपल्या रसात बघितलं आणि लगेच हाक दिली, "ओढ रं."

"माझ्या हाकेवर चालवताय व्हय?" आक्काताई ओरडल्या.

"बावीस वर्षं तेच केलंय," सर्जेरावांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं.

त्या दिवशीचे दोन्ही गूळ पिवळे निघाले. आक्काताईंचा एका छटेने उजवा.

संध्याकाळी दोघं घरी आले तेव्हा सर्जेराव जोत्यावर बसले. आक्काताई शेजारी बसल्या. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

"आता कसला सौदा?" या वेळी सर्जेरावांनी विचारलं.

"चहाचा. आठवड्यातनं किती दिवस तुम्ही करणार ते ठरवायचं."

टॉवेलाखाली आक्काताईंनी सर्जेरावांचा पंजाच धरला. सर्जेरावांनी हात आखडून दोन बोटं पुढे केली. आक्काताईंनी नकार दिला. तीन झाली. आक्काताई आकाशाकडे बघत पाखरांच्या थव्याबद्दल काहीतरी बोलत होत्या, अगदी भाऊसाहेबांसारख्या. शेवटी त्यांनी तिन्हींच्या शेजारचं चौथं बोट धरलं आणि सोडेनात.

"बरं," सर्जेराव म्हणाले. "चार."

"मग टॉवेल काढा."

सर्जेरावांनी टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. आक्काताईंनी आतून खडू आणला आणि दाराशेजारच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: चहा, सर्जेराव चार दिवस, आक्काताई तीन.

"आज कुणाचा दिवस?" सर्जेरावांनी विचारलं.

आक्काताईंनी भिंतीकडे बोट केलं. पहिलं नाव सर्जेरावांचंच होतं. ते उठले आणि चुलीकडे गेले.

"गूळ बेताचा घाला," बाहेरून आक्काताईंचा आवाज आला. "आन पातेलं कवा उतरवायचं ते मी सांगतो."